कापसाची हमाली केळीच्या पट्टीत का शिरते? रूबीतल्या @@ आणि @ बद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याकडच्या एका व्यापाऱ्यासाठी तुम्ही रूबी या प्रोग्रामिंग भाषेत शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावत्या, काढायचा प्रोग्राम लिहिताय. शेतमाल हा मूळ क्लास, त्याच्याखाली केळी, कापूस, मिरची. क्विंटलमागची हमाली मूळ क्लासमध्ये @@हमाली = १० अशी ठेवली आणि कापसाची वेगळी म्हणून कापूस क्लासमध्ये @@हमाली = १४ लिहिलं. झालं असं, की केळीच्या पट्टीतही १४ येऊ लागले. मग कुणीतरी सांगितलं, ‘एक ॲट (@) काढून टाक’. तसं केल्यावर केळीची हमाली निल (म्हणजे ‘काहीच नाही’) आली आणि पट्टी छापताना प्रोग्राम बंद पडला. दोन्हीपैकी बरोबर कुठलं, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या कामासाठी एक ॲट बरोबर. पण नुसता ॲट काढून भागत नाही, त्याच्यासोबत वाचायची पद्धतही बदलावी लागते. ते कसं, हे खाली येईलच. आधी एक वाक्य डोक्यात पक्कं करा, कारण पुढचं जवळजवळ सगळं त्यातूनच निघतं: @@ बघतं की ओळ कुठल्या क्लासच्या आत लिहिली आहे. @ बघतं की ओळ चालताना सेल्फ, म्हणजे त्या क्षणी ज्याचं काम चाललंय तो ऑब्जेक्ट, कोण आहे. पहिली गोष्ट फाइल लिहिताना ठरते, दुसरी प्रोग्राम चालताना. इंटरनेटवर या विषयावर ‘एक शेअर होतं, दुसरं होत नाही’ एवढंच सांगून सोडून देतात. ते खोटं नाही, पण तेवढ्यावर तुमच्या दुसऱ्या अडचणीचं, निलचं, उत्तर मिळत नाही.

खालचा कोड वाचायला सोपा जावा म्हणून सगळा देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्षात क्लास, डेफ, एंड हे शब्द आणि आकडे रोमनमध्येच टाइप करायचे. व्हेरिएबल आणि मेथडची नावं मात्र रूबीत खरोखर देवनागरीत चालतात. क्लासचं नाव चालत नाही, कारण ते मोठ्या अक्षराने सुरू व्हावं लागतं आणि आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर हा प्रकारच नाही.

तुमचा पहिला कोड असा होता:

```
क्लास शेतमाल
  @@हमाली = १०

  डेफ सेल्फ.हमाली
    @@हमाली
  एंड
एंड

क्लास कापूस < शेतमाल
  @@हमाली = १४
एंड

क्लास केळी < शेतमाल
एंड

केळी.हमाली   # १४
```

कापूस क्लासमधली ओळ चालते तेव्हा रूबी आधी कापसात @@हमाली शोधते. तिथे नाही. मग वरच्या शेतमालात बघते. तिथे आहे. म्हणजे नवीन काही तयार करायची गरज नाही, असलेल्याच जागी १४ लिहून मोकळी. तुम्हाला वाटलं आपण कापसाचं नवीन व्हेरिएबल केलं. रूबीच्या लेखी तुम्ही मूळ क्लासची किंमत बदललीत. सात-बाऱ्यावर ‘सामाईक विहीर’ अशी नोंद असावी तसं हे आहे: मोटर कुठल्याही भावाने लावली तरी पाणी सगळ्यांच्याच विहिरीचं कमी होतं. आणि यात इशारा नाही, एरर नाही. पट्टी छापली जाते, फक्त आकडा चुकीचा.

जावा किंवा सी प्लस प्लस शिकून आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडच्या बहुतेक अभियांत्रिकी कॉलेजांत ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग याच भाषांतून शिकवतात. जावातलं स्टॅटिक फील्ड असंच वागतं: मूळ क्लासमध्ये एक प्रत, खालचे सगळे तीच वापरतात. फरक एवढा, की जावात सबक्लासमध्ये तेच नाव पुन्हा जाहीर केलं तर वेगळं फील्ड तयार होतं आणि वरचं झाकलं जातं. रूबीत जाहीर करणं नावाची वेगळी पायरीच नाही, किंमत देणं हेच जाहीर करणं. म्हणून जावाची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो.

आता तुमचा दुसरा कोड. @@ च्या जागी सगळीकडे @ टाकलं:

```
क्लास शेतमाल
  @हमाली = १०

  डेफ सेल्फ.हमाली
    @हमाली
  एंड

  डेफ हमालीची_रक्कम(क्विंटल)
    @हमाली * क्विंटल
  एंड
एंड
```

हे समजायला एक गोष्ट मान्य करावी लागते: रूबीत क्लास हे स्वतःच एक ऑब्जेक्ट आहे. शेतमाल हा क्लास नावाच्या क्लासचा ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट म्हटलं की त्याला स्वतःची इन्स्टन्स व्हेरिएबल्स असू शकतात, इतर कुठल्याही ऑब्जेक्टसारखी. ‘क्लास इन्स्टन्स व्हेरिएबल’ हे लांबलचक नाव म्हणजे एवढंच. वेगळी यंत्रणा नाही, वेगळा नियम नाही. क्लासच्या अंगणात, म्हणजे कुठल्याही मेथडच्या बाहेर, सेल्फ तो क्लासच असतो. म्हणून तिथे लिहिलेलं @हमाली शेतमाल या ऑब्जेक्टच्या खिशात गेलं.

आता वरच्या कोडमध्ये @हमाली तीन ठिकाणी आहे आणि त्यात सेल्फ तीन वेगळे असू शकतात. पहिल्या ओळीत सेल्फ आहे शेतमाल. दुसऱ्या ठिकाणी, सेल्फ.हमाली या मेथडमध्ये, ज्याच्यावर मेथड बोलावली तो. शेतमाल.हमाली म्हटलं तर शेतमाल, केळी.हमाली म्हटलं तर केळी. केळीच्या खिशात कुणी काही ठेवलेलंच नाही, म्हणून निल. तिसऱ्या ठिकाणी सेल्फ आहे एक विशिष्ट पट्टी, केळीचा एखादा ऑब्जेक्ट. त्याचा आणि क्लासच्या खिशाचा काही संबंध नाही. तिथेही निल, आणि निलला क्विंटलने गुणायला गेल्यावर ‘निलकडे गुणाकाराची मेथड नाही’ अशी एरर. तुमचा प्रोग्राम बंद पडला तो इथे.

एक बारकावा लक्षात ठेवा. किंमत न दिलेलं @@ वाचलं तर रूबी लगेच नेमएरर देते. किंमत न दिलेलं @ वाचलं तर गुपचूप निल देते. पूर्वी इशारे चालू ठेवले तर निदान एक ओळ दिसायची, ३.० आवृत्तीपासून तोही इशारा काढून टाकलाय. त्यामुळे @ मध्ये नावाचं स्पेलिंग चुकलं (हमालीऐवजी हामाली) तरी कुणी सांगत नाही. माझा सल्ला: कच्चं @ एकाच मेथडमध्ये वाचा, बाकी सगळीकडे ती मेथड वापरा. मेथडचं नाव चुकलं तर रूबी ओरडते.

दुरुस्त केलेला कोड

```
क्लास शेतमाल
  क्लास << सेल्फ
    ॲट्र_रायटर :हमाली

    डेफ हमाली
      रिटर्न @हमाली इफ डिफाइन्ड?(@हमाली)
      सुपरक्लास.हमाली
    एंड
  एंड

  सेल्फ.हमाली = १०

  डेफ हमालीची_रक्कम(क्विंटल)
    सेल्फ.क्लास.हमाली * क्विंटल
  एंड
एंड

क्लास कापूस < शेतमाल
  सेल्फ.हमाली = १४
एंड
```

केळीला विचारलं तर ती स्वतःकडे बघते, नाही मिळालं तर वर विचारते, १० मिळतात. कापसाला स्वतःचे १४ मिळतात. उद्या मूळ दर ११ केला तर केळीला तो आपोआप लागू होतो, कापूस १४ वरच राहतो. तुम्हाला हवं होतं ते हेच.

यात दोन जागा अशा आहेत जिथे लोक घाई करतात.

एक म्हणजे डिफाइन्ड? ची ओळ. बरेच जण तिथे आखूड लिहितात: @हमाली || सुपरक्लास.हमाली. आकड्यांपुरतं ते चालतं. पण समजा तुमच्याकडे ‘ओलावा बघायचा का’ अशी खूण आहे. कापसात ओलावा बघतात. सीसीआयच्या (भारतीय कपास निगमच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे वजावट आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. म्हणून मूळ क्लासमध्ये ट्रू ठेवलं आणि केळीत फॉल्स, कारण बागेत कापलेल्या घडाचा ओलावा कोण मोजणार? आता || वापरलं तर केळीचं फॉल्स दिसताच रूबी वर जाते आणि ट्रू घेऊन येते. केळीच्या पट्टीत ओलाव्याची वजावट! फॉल्स किंवा निल ही जिथे खरीखुरी किंमत असू शकते तिथे || वापरायचं नाही.

दुसरी जागा सेल्फ.क्लास. तिथे थेट शेतमाल.हमाली लिहिलं तर कोड चालेल, पण प्रत्येक मालाला मूळ १० च लागतील. सेल्फ.क्लास म्हणजे ‘ही पट्टी ज्या क्लासची आहे तो’. नाव ठोकून लिहिलं की ती लवचिकता गेली आणि तुम्ही पुन्हा @@ च्याच गावाला पोचलात.

याच कोडमध्ये आणखी एक खड्डा लपलाय. क्लास << सेल्फ च्या आत मेथडी लिहिल्या तर त्या चालताना सेल्फ हा शेतमाल असतो, सगळं ठीक. पण त्याच ठोकळ्यात मेथडच्या बाहेर, उघड्यावर @हमाली = १० लिहिलंत तर तिथे सेल्फ आहे शेतमालचा सिंगलटन क्लास, म्हणजे शेतमालच्या स्वतःच्या मेथडी ठेवणारा आडचा क्लास. किंमत तिसऱ्याच ऑब्जेक्टच्या खिशात जाते आणि तुम्ही निल का येतं म्हणून डोकं धरून बसता. म्हणून वर ती ओळ मुद्दाम एंडच्या नंतर आहे. गंमत म्हणजे @@ ला हा त्रास नाही. ते सिंगलटन ओलांडून बाहेरच्या क्लासकडेच बघतं.

सुपरक्लासकडे विचारत जाण्याऐवजी इनहेरिटेड हा हुक वापरून सबक्लास तयार होतानाच वरच्या किमतींची नक्कल करण्याचीही पद्धत आहे. हुक सबक्लासचं अंग चालायच्या आधी चालतो, त्यामुळे सबक्लासला नंतर स्वतःची किंमत देता येते. पण ती नक्कल त्या क्षणाची असते. मूळ दर नंतर बदलला तर खाली पोचत नाही. शिवाय किंमत ॲरे असेल तर डुप (वेगळी प्रत) न करता दिलीत तर दोघांच्या हातात एकच ॲरे राहतो. हंगामात दर बदलणाऱ्या तुमच्या कामात मी हा मार्ग घेणार नाही.

@@ चा खरा धोका

तुमच्या उदाहरणात आकडा लगेच चुकला, म्हणून तो लगेच सापडला. @@ ची वाईट प्रकरणं वर्षभर बरोबर चालतात.

समजा मूळ क्लासमध्ये वजावट नाहीच. नंदुरबारकडची ओली मिरची पथारीवर वाळते, वजन घटतं, म्हणून मिरची क्लासमध्ये @@वजावट. केळीत दांड्याचं वजन धरायचं म्हणून केळी क्लासमध्ये @@वजावट. मूळ क्लासमध्ये त्या नावाचं काही नसल्याने ही दोन अगदी वेगळी व्हेरिएबल्स आहेत आणि मजेत चालतात. लिहिणाऱ्याला वाटतं, @@ प्रत्येक क्लासला वेगळं असतं. मग कधीतरी नवा मुलगा येतो, त्याला वाटतं सगळ्याच मालाला एक ठरलेली वजावट हवी, आणि तो शेतमाल क्लासच्या सुरुवातीला @@वजावट = ० ही निरुपद्रवी ओळ टाकतो. त्या क्षणी मिरची आणि केळी एका व्हेरिएबलला बांधल्या गेल्या. ज्याची फाइल शेवटी लोड झाली त्याचा आकडा सगळ्यांना लागू.

यात रेल्स (रूबीतली वेब ॲप बांधायची तयार चौकट) असेल तर आणखी भर. तुमच्या लॅपटॉपवर, डेव्हलपमेंटमध्ये, फाइली लागतील तशा लोड होतात. तुम्ही फक्त केळीचं पान उघडलंत तर केळीचीच फाइल लोड झाली, आकडा बरोबर. सर्व्हरवर प्रॉडक्शनमध्ये सगळ्या फाइली सुरुवातीलाच लोड होतात, मिरची केळीनंतर येते आणि केळीला मिरचीची घट लागते. ‘माझ्याकडे तर बरोबर येतंय’ हे वाक्य अशा वेळी अगदी खरं असतं, म्हणून तर चूक सापडत नाही.

उलट क्रमाने झालं, म्हणजे सबक्लासने आधी @@वजावट तयार केलं आणि मूळ क्लासने नंतर (समजा सेटिंग वाचणाऱ्या एखाद्या मेथडमध्ये), तर रूबी निदान बोलते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून सबक्लासमधून ते वाचताच रनटाइमएरर येते: खालच्या क्लासचं व्हेरिएबल वरच्याने ‘ओव्हरटेक’ केलं. त्याआधीच्या आवृत्त्या इशारे चालू असतील तर एक ओळ दाखवून पुढे जायच्या, आणि प्रॉडक्शनचा लॉग कोण वाचतो?

‘ओळ कुठे लिहिली’ या नियमाचे आणखी दोन परिणाम सांगतो, कारण दोन्ही लोकांना चक्रावून टाकतात. मूळ क्लासच्या मेथडमध्ये @@वजावट वाचलं आणि किंमत फक्त सबक्लासमध्ये दिली असेल, तर केळीवर ती मेथड बोलावूनही नेमएरर येते. मेथड लिहिली आहे शेतमालच्या आत. शोध तिथून सुरू होऊन वर जातो, खाली कधीच येत नाही. आणि क्लास_इव्हॅलला (क्लासच्या आत बाहेरून कोड चालवणाऱ्या मेथडला) ब्लॉक देऊन बाहेरून @@ बदलायला गेलात तर ब्लॉक जिथे लिहिलाय तिथला क्लास धरला जातो, ज्याच्यावर क्लास_इव्हॅल बोलावलं तो नाही. बाहेर क्लासच नसेल, म्हणजे फाइलच्या वरच्या पातळीवर असाल, तर ३.० पासून सरळ एरर. २.७ पर्यंत असं @@ थेट ऑब्जेक्ट या सगळ्यांच्या मूळ क्लासवर जाऊन बसायचं! तिथे बसलं म्हणजे प्रोग्राममधल्या त्या नावाच्या प्रत्येक @@ ला धक्का. टेस्ट लिहिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. आरस्पेक या टेस्टच्या साधनातल्या डिस्क्राइब ब्लॉकमध्ये क्लास.न्यू(शेतमाल) करून आत @@ लिहिलं की हेच होतं. @ वापरलं असेल तर तोच निनावी क्लास कोरा खिसा घेऊन जन्मतो आणि टेस्ट संपली की विषय संपला.

मग @@ कधीच वापरायचं नाही का? कोडची शैली तपासणारा रुबोकॉप तर ते दिसलं की मूळ सेटिंगमध्येच हरकत घेतो. मी तितका कडक नाही. ज्या क्लासला कधीच सबक्लास होणार नाही तिथे @@ ने काही बिघडत नाही, आणि इन्स्टन्स मेथडमधून थेट वाचता येतं ही सोय आहेच. पण ‘कधीच होणार नाही’ हे किती वेळा खरं ठरतं ते तुम्हीच बघा. खरोखर सगळ्या वंशावळीत एकच हवं असं काही असतं, उदाहरणार्थ लॉगर. तिथे @@ चं वागणं अगदी बरोबर आहे. रेल्सने आपल्या पोटात अशी वापरली आहेत. २०२१ च्या ३.१ आवृत्तीत @@ वाचण्यासाठी खास कॅश आला, कारण प्रत्येक वाचनाला वरची पूर्ण साखळी तपासावी लागत होती आणि रेल्सच्या मॉडेलमागे मॉड्यूलांची भलीमोठी रांग असते. त्यामुळे ‘@@ हळू असतं’ ही जुनी तक्रार आता मनावर घेऊ नका. नको म्हणायचं कारण वेग नाही, ओव्हरटेक आहे.

पट्टीचा क्रमांक @@पट्टी_क्रमांक मध्ये ठेवू का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. नको. @@ मध्येही नको आणि @ मध्येही नको. प्युमा या वेब सर्व्हरने चार वर्कर चालवले तर चार प्रोसेस, प्रत्येकाची मेमरी वेगळी, म्हणजे १०१ नंबरच्या चार पट्ट्या. एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड असतील तर += १ मध्ये वाचणं आणि लिहिणं या दोन पायऱ्या असतात; मध्ये दुसरा थ्रेड घुसला की दोन शेतकऱ्यांना एकच क्रमांक. सर्व्हर बंद-चालू केला की पुन्हा एकपासून. क्रमांक डेटाबेसनेच द्यावा.

हाच न्याय दरांनाही लावा. हमाली हंगामात बदलते, व्यापारी स्वतः बदलतो, तर ती अंतिमतः टेबलातच असायला हवी. क्लासमध्ये फक्त ‘काही नाही सापडलं तर हे’ असा आकडा. आणि जे बदलतच नाही, जसं एका क्विंटलचे १०० किलो, त्याला ना @@ ना @, कॉन्स्टंट करा आणि मोकळे व्हा. ॲरे किंवा हॅश असेल तर फ्रीझही करा, कारण रूबीतला कॉन्स्टंट नाव पक्कं करतो, आतला माल नाही.

रेल्स वापरत असाल तर

वर हाताने लिहिलेली ‘स्वतःकडे बघ, नाहीतर वर विचार’ ही वागणूक रेल्समध्ये क्लास_ॲट्रिब्यूट या नावाने तयार मिळते. ५.२ आवृत्तीपासून डिफॉल्ट किंमतही तिथेच देता येते. शेतमालमध्ये क्लास_ॲट्रिब्यूट :हमाली, डिफॉल्ट: १० आणि कापसात सेल्फ.हमाली = १४. एवढ्यात काम होतं, फॉल्सची भानगडही ते नीट सांभाळतं. दोन गोष्टी सांभाळा. पट्टीच्या ऑब्जेक्टवरही हमाली = करता येतं, ते नको असेल तर इन्स्टन्स_रायटर: फॉल्स द्या. आणि किंमत ॲरे असेल तर सबक्लासमध्ये << ने भर टाकू नका. तुम्ही वरच्याच ॲरेत भर टाकताय, म्हणजे @@ चा जुना रोग दुसऱ्या दाराने घरात. += वापरा, त्याने नवा ॲरे तयार होऊन फक्त त्या सबक्लासला मिळतो.

सीॲट्र_ॲक्सेसर हे नाव त्याच्याशी मिळतंजुळतं दिसतं पण आतून @@ आहे. कोड तपासताना नुसतं @@ शोधलंत तर ही सुटतात.

दुसऱ्या भाषांत

हा दुहेरीपणा रूबीने शोधलेला नाही. स्मॉलटॉक या जुन्या भाषेत क्लास व्हेरिएबल आणि क्लास इन्स्टन्स व्हेरिएबल हे दोन्ही याच अर्थाने आहेत. तिथे क्लास इन्स्टन्स व्हेरिएबलची सबक्लासला जागा वारशाने मिळते, किंमत मिळत नाही. रूबी तयार करणाऱ्या युकिहिरो मात्सुमोतोंनी तिची बरीचशी ऑब्जेक्टची कल्पना तिथूनच घेतली, म्हणून ‘क्लास हाही ऑब्जेक्ट’ हे रूबीत वरून चिकटवलेलं वाटत नाही.

पायथन करणाऱ्यांसाठी: तिथे क्लासवरचं ॲट्रिब्यूट वाचताना वरपर्यंत शोधलं जातं, लिहिताना मात्र ज्या नावावर लिहाल तिथेच लिहिलं जातं. कापूस.हमाली = १४ ने शेतमालला धक्का लागत नाही. म्हणजे पायथनचं साधं वागणंच रेल्सच्या क्लास_ॲट्रिब्यूटसारखं. तिथला खड्डा वेगळा: मेथडमध्ये सेल्फ.मोजणी += १ लिहिलं तर क्लासवरची किंमत वाचली जाते आणि बेरीज त्या एकट्या ऑब्जेक्टवर जाऊन बसते. जावास्क्रिप्टमध्ये सबक्लासच्या स्टॅटिकला ++ केलं की असंच होतं, वाचन वरून आणि लेखन खाली. पीएचपीत स्टॅटिक प्रॉपर्टी सबक्लासने पुन्हा जाहीर केली नसेल तर सामाईक. जाहीर केली असेल तर सेल्फ:: आणि स्टॅटिक:: वेगळी उत्तरं देतात, हा प्रकार ५.३ पासून आहे. पुण्याला मुलाखतीत ‘फरक सांगा’ म्हणून विचारतात तेव्हा या भाषा एकमेकींत मिसळून उत्तर दिलं जातं, म्हणून एवढं लिहिलं.

तुमच्या कोडमध्ये आता काय करायचं

आधी आयआरबी (रूबीच्या ओळी टाइप करून लगेच उत्तर बघायची खिडकी) उघडून खरी परिस्थिती बघा. कापूस.क्लास_व्हेरिएबल्स हे वारशाने आलेलीही दाखवतं. कंसात फॉल्स दिलं तर फक्त कापसाची स्वतःची. कंसात फॉल्स देऊन यादी रिकामी आली आणि तुम्ही तर कापसात @@हमाली लिहिलं होतं, म्हणजे ते वर जाऊन बसलंय हे डोळ्यांनी दिसेल. @ साठी कापूस.इन्स्टन्स_व्हेरिएबल्स.

मग @@ एकदम काढू नका. पहिल्या फेरीत प्रत्येक @@ साठी वाचायची एक मेथड करा आणि कोडभर जिथे कच्चं @@ वाचलंय तिथे ती मेथड बोलवा. इन्स्टन्स मेथडमध्ये सेल्फ.क्लास लावून. वागणं काहीच बदलत नाही, जुन्या पट्ट्या जशाच्या तशा यायला हव्यात. दुसऱ्या फेरीत त्या मेथडच्या आतलं @@ काढून वरचा डिफाइन्ड? वाला प्रकार टाका, आणि क्लासच्या अंगातल्या @@हमाली = च्या ओळी सेल्फ.हमाली = करा. या फेरीत काही पट्ट्यांचे आकडे बदलतील. बदललेली प्रत्येक पट्टी म्हणजे आजवर चुकीची निघत असलेली पट्टी, ती बाजूला काढून व्यापाऱ्याला दाखवा, कारण शेतकऱ्याला कमी गेलेला पैसा त्यालाच भरून द्यायचा आहे.

सर्व्हरवर रूबी कुठली आहे तेही बघून घ्या. २.७ असेल (तिची देखभाल मार्च २०२३ मध्येच थांबली) तर ओव्हरटेकची एरर तुम्हाला दिसणारच नाही. तिथे निदान लॅपटॉपवर ३.० च्या पुढची आवृत्ती घेऊन सगळ्या फाइली एकदम लोड करा आणि केळी, कापूस, मिरची यांची प्रत्येकी एक पट्टी काढा, मग क्रम उलटा करून पुन्हा काढा. दोन्ही वेळा आकडे तेच आले पाहिजेत.